पुरुमेंतातलं जाड पुस्तक: डार्क फँटसी मालिकेचा पहिला भाग कसा वाचावा

मे महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातली माझी यादी ठरलेली असते. हरमलच्या मिरच्या, कांद्यांच्या दोन माळा, सोलं, सुकी सुंगटं, सुके बांगडे. घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलं की मग पाऊस कधीही येवो. गेली काही वर्षं या यादीच्या तळाशी आणखी एक नोंद असते: एक जाड पुस्तक. जून-जुलैत संध्याकाळी लाइट गेली की टीव्ही बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी दोनशे पानांची कादंबरी दोन रात्रींत संपते. सात-आठशे पानांची असली तर चवथीपर्यंत पुरते.

यातलं पहिलं पुस्तक मला भाच्याने आणून दिलं. डार्क हाय फँटसी मालिकेचा पहिला भाग, सुरुवातीला नकाशे, शेवटी नुसत्या नावांचीच कितीतरी पानं. साठाव्या पानावर मी हात टेकले. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाच्या घरी वाढतोय, कोण कोणाला "माय लॉर्ड" म्हणतोय, काही लागेना. पुस्तक कपाटात गेलं आणि त्याला बुरशी चढली. पुढच्या पावसाळ्यात तेच पुस्तक सदतीस दिवसांत वाचून काढलं. मधल्या काळात माझी अक्कल वाढली नव्हती, वाचायची रीत बदलली होती. ती रीत इथे सांगते, मराठी कथा-कादंबऱ्यांवर वाढलेल्या, इंग्रजी बऱ्यापैकी वाचणाऱ्या, पण या प्रकाराला कधी हात न लावलेल्या माणसासाठी.

प्रकार काय आहे

हाय फँटसी म्हणजे जिचं जगच मुळात वेगळं: नकाशा वेगळा, इतिहास वेगळा, देव वेगळे. हा शब्द रुळवण्याचं श्रेय बहुतेक वेळा लॉइड अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाच्या १९७१ सालच्या एका लेखाला दिलं जातं. डार्क म्हणजे या जगात चांगलं वागणाऱ्याचं चांगलं होईलच अशी हमी नाही. 'ग्रिमडार्क' हा शब्दही कानावर पडेल, अंधार आणखी गडद असलेल्या पुस्तकांसाठी. तो १९८७ साली आलेल्या 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळाच्या घोषवाक्यातून निघाला. व्याख्या इतकीच पुरे.

कोणतं पुस्तक घ्यावं

मी उदाहरणं देणार ती जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मधली (१९९६), कारण माझा हात तिथे बसला आणि वाचकांनी निदान नाव तरी ऐकलेलं असतं. पण सगळ्यांनी इथूनच सुरू करावं असं मी म्हणणार नाही. एकाच माणसाच्या तोंडून सरळ गोष्ट ऐकायला आवडत असेल तर रॉबिन हॉब यांचं 'असॅसिन्स ॲप्रेंटिस' (१९९५) घ्या. राजघराण्यातला एक अनौरस मुलगा स्वतःची कहाणी सांगतो, तीन भागांत ती त्रयी पुरी होते. कडवट विनोद चालत असेल तर जो ॲबरक्रॉम्बी यांचं 'द ब्लेड इटसेल्फ' (२००६). त्यातला लंगडत जिने चढणारा, दात पाडलेला चौकशी अधिकारी मला अजून आठवतो. स्टीव्हन एरिकसन यांचं 'गार्डन्स ऑफ द मून' (१९९९) मात्र पहिल्या पावसाळ्यात नको. ती दहा भागांची मालिका ऐन मध्यात सुरू होते आणि वाचकाला काहीही समजावून सांगत नाही.

घेण्याआधी एक चौकशी करावी: मालिका पूर्ण झाली आहे का? मार्टिन यांचा पाचवा भाग २०११ साली आला आणि सहाव्याची वाट वाचक अजून बघताहेत. तुम्हाला शेवट हवाच असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. सगळ्या भागांचा संच एकदम घेऊ नका. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासून चालत आलेलं. आधी तिथे पहिला भाग चाळा, वीस पानं उभ्याउभ्या वाचा, मग पैसे घाला.

नावांना घाबरू नका

या बाबतीत आपण गोवेकर जन्मापासून तयार आहोत. पाटीवर 'बिचोलिम' लिहिलेलं असतं, आपण डिचोली वाचतो. 'सँक्वेलिम' म्हणजे साखळी, 'क्वेपेम' म्हणजे केपे, 'कानाकोना' म्हणजे काणकोण, आणि यात काही विचित्र आहे हे बाहेरचा पाहुणा आल्याशिवाय आपल्याला जाणवत नाही. तेव्हा मार्टिन यांच्या एका पात्राला डेनेरिस म्हणायचं की डनेरीस यावर वेळ घालवू नका. मनात एक उच्चार धरा आणि तोच शेवटपर्यंत चालवा.

नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे दर वेळी पानं उलटावी लागत नाहीत. मागची नावांची यादी अडलं तरच उघडा. आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळा: पात्राचं नाव इंटरनेटवर शोधू नका. नुसतं नाव टाइप करायला घेतलं की ते पात्र जगतं की मरतं हे खालच्या सूचनांतच वाचायला मिळतं. माझं एक पात्र असंच गेलं, पाचशे पानं आधी.

पहिली वीस पानं: इथे हळू

पेडण्याकडच्या जत्रेत दशावतार पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. रात्री नाटक सुरू होतं तेव्हा आधी आडदशावतार. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, भटजी येतो, काळा संकासुर नाचून जातो. नवखा माणूस संकासुरालाच नायक समजून बसतो. खरं आख्यान त्यानंतर लागतं आणि पहाटेपर्यंत चालतं. या पुस्तकांतलं प्रोलॉग, म्हणजे पहिल्या प्रकरणाआधीचा तुकडा, तसंच असतं. त्यातली माणसं पुढे भेटतीलच असं नाही. पण ते वगळायचं नाही, कारण आख्यानावर कसली सावली आहे ते तिथेच दाखवलेलं असतं.

मार्टिन यांच्या प्रोलॉगमध्ये काळ्या कपड्यांतले तीन पहारेकरी एका प्रचंड बर्फाच्या भिंतीपलीकडे रानात जातात. (इंग्लंडमधली रोमन काळातली हेड्रियनची भिंत पाहून ही कल्पना सुचली, असं मार्टिन यांनी सांगितलं आहे.) तिघांतला म्हातारा गेरेड तरुण अधिकाऱ्याला थंडीची भीती समजावताना डोक्यावरची टोपी मागे सारतो. त्याला दोन्ही कान नाहीत. थंडीने झडलेत. पायाची तीन बोटं आणि डाव्या हाताची करंगळीही गेली आहे. हे एका दमात सांगून होतं आणि गोष्ट पुढे जाते.

मग पहिलं प्रकरण. सात वर्षांचा ब्रॅन वडिलांबरोबर पहिल्यांदाच एका पळपुट्या पहारेकऱ्याला शिक्षा होताना पाहायला जातो. मुलाला दिसतो तो एक म्हातारा, थंडीने दोन्ही कान आणि एक बोट गेलेला. त्याचं नाव त्या प्रकरणात कोणी घेत नाही. त्याने रानात काय पाहिलं हे शिक्षा देणाऱ्यांना ठाऊक नाही, मुलाला ठाऊक नाही. कान लक्षात ठेवणाऱ्या वाचकाला तेवढं कळतं की ज्या माणसाचं ऐकून घ्यायला हवं होतं त्याचंच डोकं उडवलं गेलं.

पहिल्या वेळी मला हे दिसलंच नव्हतं. मी नावं पाठ करत बसले होते. दुसऱ्या वेळी कानांची गाठ बसली आणि शटल बसमध्ये, पर्वरीच्या चढावर, मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत राहिले. माझी सगळी रीत त्या दोन कानांतून निघाली आहे: नावं विसरा, अंगावरची खूण धरा. अशी पुस्तकं लिहिणाऱ्याला वाचक नावं विसरणार हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो कान, जखम, चाल, कुत्रा, अंगठी असं काहीतरी हातात देऊन ठेवतो.

त्याच प्रकरणात बर्फात एक मेलेली लांडगी सापडते, तिच्या गळ्यात शिंगाचा तुकडा मोडून रुतलेला. राजाच्या निशाणावर कोणता प्राणी आहे ते पुढे कळेल तेव्हा या पानावर परत या.

चिठ्ठी

पोस्टकार्डाएवढा एक कागद पुस्तकात ठेवा. वही नको. वही आली की अभ्यास होतो आणि अभ्यास पावसाळ्यात होत नाही. या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एका माणसाचं नाव असतं आणि ते प्रकरण त्याच्याच नजरेतून घडतं. प्रोलॉग सोडला तर अशी माणसं आठच आहेत. चिठ्ठीवर आधी ती आठ. माझ्या चिठ्ठीवरच्या काही नोंदी जशाच्या तशा देते: 'ब्रॅन, ७, भिंती चढतो.' 'टिरियन, ठेंगू, राणीचा भाऊ, तोंडाळ, पुस्तकं.' 'सान्सा, गाण्यांवर विश्वास.' 'केटलिन, आई, उत्तरेत परकी.' बाकीच्यांना चिठ्ठीवर जागा मिळवावी लागते. तीन वेळा दिसला तर लिहायचा, तोवर तो 'कोणीतरी सरदार' म्हणून गेला तरी काही बिघडत नाही.

आठांतला एक माणूस तुम्हाला इतरांपेक्षा जवळचा वाटायला लागेल. माझ्यासाठी तो टिरियन. बाकी सगळं धूसर असलं तरी त्याचं प्रकरण आलं की पाय टेकायचे. असा एक माणूस सापडला की पुस्तक सुटत नाही. शंभर-सव्वाशे पानांत कोणीच सापडला नाही तर तुमचं पुस्तक दुसरं कुठलंतरी आहे. तेव्हा खुशाल सोडा.

एखाद्याचं प्रकरण कंटाळवाणं वाटलं तर ते वगळून आवडत्या माणसाच्या पुढच्या प्रकरणावर उडी मारायचा मोह होतो. मारू नका. एकाच्या प्रकरणातली अफवा दुसऱ्याच्या प्रकरणात खरी किंवा खोटी ठरते, आणि सगळी मजा त्या फरकात असते.

इंग्रजी

प्रत्येक शब्द शोधत बसाल तर जूनमध्येच थकाल. किल्ल्याशी संबंधित पाच-सहा शब्द आधी समजून घ्या: 'कीप' म्हणजे साधारण आपला बालेकिल्ला, 'बेली' म्हणजे तटाच्या आतलं मोकळं आवार, 'पोर्टकलिस' म्हणजे वरून खाली सोडायचं लोखंडी जाळीचं दार. हळर्णचा किंवा तेरेखोलचा किल्ला पाहिलेल्याला एवढं पुरतं. खाण्यापिण्याची आणि कपड्यांची वर्णनं लांबच लांब आहेत, त्यातले अर्धे शब्द मला अजून येत नाहीत. काही अडलं नाही.

राजकारण कळत नसेल तर

इथे बहुतेक जण गळतात. राजा, राणीचं माहेर, राजाचा जुना मित्र, पळवून लावलेल्या राजवंशाची मुलं, आणि प्रत्येक जण गोड बोलतोय. मार्टिन यांच्यासमोर पंधराव्या शतकातली इंग्लंडची यादवी होती, लँकॅस्टर आणि यॉर्क घराण्यांची. पण ती समजून घ्यायला आणखी एक जाड पुस्तक लागेल. आपल्याला १५१० सालचा गोवा पुरतो.

त्या वर्षी आदिलशाहीच्या ताब्यातल्या गोव्यावर पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्क चालून आला. त्याला इकडे वळवला तिमय्या या इथल्याच सरदाराने, ज्याला आदिलशाहीशी हिशेब चुकते करायचे होते. वर्षाच्या सुरुवातीला पोर्तुगीज आत आले, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्यांना हुसकलं, ऐन पावसाळ्यात त्यांची जहाजं मांडवीत अडकून पडली, आणि २५ नोव्हेंबरला त्यांनी शहर पुन्हा घेतलं. एका वर्षात तीनदा मालक बदलला. आता हे तिमय्याच्या नजरेतून एक प्रकरण, आदिलशाही किल्लेदाराच्या नजरेतून एक, जहाजात उंदीर खाऊन दिवस काढणाऱ्या खलाशाच्या नजरेतून एक आणि बाजारात दुकान असलेल्या माणसाच्या नजरेतून एक असं लिहिलं तर? त्यातला खलनायक कोण हे प्रत्येक प्रकरणात बदलेल. या पुस्तकांची बांधणी अशी असते.

म्हणून दरबारातलं कुठलंही संभाषण वाचताना एवढंच विचारा: याला यातून काय हवंय? बरोबर उत्तर सापडलं नाही तरी चालेल. प्रश्न विचारत राहिलं की कोण खोटं बोलतोय याचा वास आपोआप यायला लागतो.

आणि या सगळ्या भांडणाखाली एक साधी गोष्ट आहे, जी आपल्याकडच्या माणसाला चटकन कळावी. त्या जगात ऋतू वर्षानुवर्षं टिकतात. पुस्तक उघडतं तेव्हा उन्हाळ्याचं नववं वर्ष चालू आहे. उत्तरेकडच्या घराण्याचं ब्रीदवाक्य 'हिवाळा येतोय' एवढंच आहे. इतरांची ब्रीदं गर्जना आणि रागाची. यांचं मात्र पुरुमेंताचं. कोठारात किती धान्य आहे हा तिथे जगण्यामरण्याचा प्रश्न, आणि दक्षिणेतली मंडळी सिंहासनासाठी भांडण्यात गुंग. मी हे वाचलं तेव्हा आईची आठवण झाली. मे महिन्यात लग्नाची कितीही आमंत्रणं असली तरी मिरच्या वाळल्याशिवाय ती घराबाहेर पडायची नाही.

अंधार

हे आधीच स्पष्ट सांगते. या पुस्तकात मुलांवर अत्याचार आहेत, बलात्कार आहेत, तेरा वर्षांच्या मुलीचं लावून दिलेलं लग्न आहे, प्राण्यांना मारणं आहे. टीव्हीवरच्या मालिकेत मुलांची वयं वाढवली होती, पुस्तकात ती लहानच आहेत आणि म्हणून जास्त टोचतं. शाळकरी मुलांच्या हाती देऊ नका, 'राक्षसांची गोष्ट आहे' म्हणून तर नाहीच.

असं प्रकरण आलं तर मी परिच्छेदाची पहिली ओळ वाचून उडी मारते आणि जिथे माणसं पुन्हा बोलायला लागतात तिथे उतरते. यात लाज कसली? रात्री झोपण्याआधीचं शेवटचं प्रकरण टिरियनचं असेल अशी सोय बघते. काही पानांना मात्र उडी मारली नाही, कारण ती सजवलेली नव्हती. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारतो, तिथे व्यास नजर वळवत नाहीत, आणि पुढच्या स्त्रीपर्वात त्याच प्रेतांमधून बायका फिरताना दाखवतात. अंधार कशासाठी आहे हे ओळखायची माझी ही एक फूटपट्टी: मारल्यानंतर रडणाऱ्यांना लेखकाने जागा दिली आहे का? नसेल तर पुस्तक मिटायला मला दोन मिनिटं लागत नाहीत.

किती, कधी, कुठे

प्रोलॉग धरून त्र्याहत्तर प्रकरणं. रोज दोन वाचली की सदतीस दिवस. मी एक सकाळी म्हापसा-पणजी शटलमध्ये वाचते, एक रात्री. शटलमध्ये बसायला जागा मिळाली तर प्रकरण मांडवीच्या पुलाआधी संपतं, उभं राहावं लागलं तर पुस्तक पिशवीतच. दोन दिवस वाचन राहिलं तर तिसऱ्या दिवशी चार प्रकरणांचा हट्ट धरू नका. आधीच्या प्रकरणाचं शेवटचं पान पुन्हा वाचा आणि एकच पुढे जा.

पुस्तक जपायचं तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत ओल धरते. माझी पहिली प्रत तशीच गेली. भिंतीला लागून असलेल्या फळीवर ठेवू नका, आडवं ठेवा, आणि ऊन पडेल त्या दिवशी अर्धा तास पंख्याखाली पानं उघडी टाका. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने, घराबाहेर पुसा.

मालिका टीव्हीवर पाहिली असेल तर

तरीही वाचा, पण चेहरे विसरून. टीव्हीवर त्या पहिल्या शिक्षेच्या प्रसंगात दुसऱ्याच पहारेकऱ्याला उभं केलंय, तरुण, कान असलेला. त्यामुळे वर सांगितलेली गाठ तिथे बसतच नाही. पुस्तकात अशा गाठी पानोपानी आहेत.

संपल्यावर

दुसरा भाग लगेच उघडू नका. निदान आठवडाभर थांबा, मधे एखादं पातळ मराठी पुस्तक वाचा, तोंडाची चव बदलते. चिठ्ठी पुस्तकातच राहू द्या, वर्षभराने दुसरा भाग हातात घ्याल तेव्हा तीच उपयोगी पडेल. माझी पहिली चिठ्ठी अजून आहे, एका कोपऱ्यावर बुरशीचा डाग आणि मधे सोलाचा एक लाल ठिपका. तिच्यावरच्या चार नावांवर काट मारलेली आहे. भाचा पुढच्या मे महिन्यात त्याच्या बायकोला हे पुस्तक देणार आहे, आणि चिठ्ठी आधी काढून घे, असं मला दोनदा बजावून गेला आहे.